जितांचा करीना : ग्वामान पोमा आणि जोतीराव फुले

१९०८ साली रिखार्ड पीचमान या जर्मन ग्रंथपालाला कोपनहेगनच्या राजग्रंथालयात एक जाडजूड हस्तलिखित आढळले. पाने ११८९, त्यांपैकी सुमारे चारशे पानांवर संपूर्ण पृष्ठ व्यापणारी रेखाचित्रे. भाषा स्पॅनिश, परंतु अडखळणारी, आणि मध्येच केचुआ भाषेची वाक्ये, प्रार्थना, गाणी जशीच्या तशी आलेली. लेखक फेलिपे ग्वामान पोमा दे आयाला हा पेरूच्या डोंगराळ मुलखातील लुकानास भागाचा रहिवासी. त्याच्या नावातील ग्वामान म्हणजे ससाणा आणि पोमा म्हणजे डोंगरी सिंह. नावाचे मधले दोन शब्द केचुआ आणि दोन्ही टोके स्पॅनिश. ग्रंथाच्या शीर्षकाचा आशय ‘पहिला नवा वृत्तांत आणि चांगले शासन’ असा आहे, आणि तो स्पेनचा राजा तिसरा फिलिप याला उद्देशून लिहिलेला आहे. १६१५ च्या फेब्रुवारीत राजाला पाठविलेल्या पत्रात ग्रंथ पूर्ण झाल्याचे लेखकाने कळविले होते. राजाने तो पाहिला असे दाखविणारी कोणतीही खूण नाही. १९३६ साली पॅरिसमध्ये त्याची छायाचित्रित प्रत प्रसिद्ध झाली, तेव्हा या पत्राला तीनशे एकवीस वर्षे होऊन गेली होती.

या हस्तलिखिताशी मराठी वाचकाचा संबंध काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. या दिशेचा पहिला धागा जोतीराव फुले यांनीच जोडून ठेवला आहे. ‘गुलामगिरी’च्या (१८७३) इंग्रजी प्रस्तावनेत त्यांनी युरोपीय वसाहतकारांनी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवर केलेल्या अत्याचारांची आठवण काढली आहे आणि आर्यांनी येथील मूळ रहिवाशांना जिंकले त्या घटनेशी त्यांची तुलना केली आहे. ग्रंथ अर्पण केला आहे तो मात्र नीग्रो दासांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकी जनतेला. अर्पणपत्रिकेतली अमेरिका आणि प्रस्तावनेतली अमेरिका यांच्यातील हा ताण फुल्यांच्या ध्यानी आला नसेल असे मानण्याचे कारण नाही. दास्य लादणारे आणि दास्य मोडणारे एकाच लोकांत निपजू शकतात, ही त्यांची धारणा इंग्रजांविषयीच्या त्यांच्या लेखनातही दिसते. फुले १८९० साली निवर्तले. ग्वामान पोमाचे हस्तलिखित त्यानंतर अठरा वर्षांनी उजेडात आले. म्हणजे प्रभावाचा प्रश्न उद्भवत नाही. दोघांच्या लेखनात जे साम्य आढळते ते जित समाजातील लेखक जेत्याच्या भाषेत, जेत्याच्या कागदावर, आपला भूतकाळ मांडू लागला म्हणजे उत्पन्न होणाऱ्या परिस्थितीचे साम्य आहे.

दोघांच्या वाट्याला आलेल्या टीकेतही हे साम्य दिसते. पेरूचे मान्यवर इतिहासकार राउल पोर्रास बार्रेनेचेआ यांनी १९४८ साली ग्वामान पोमावर लिहिताना त्याच्या वृत्तांतातील गोंधळावर, कालगणनेच्या अनागोंदीवर आणि असंस्कृत भाषेवर बोट ठेवले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त फुल्यांची जी संभावना केली तिचाही रोख हाच होता : व्याकरण अशुद्ध, व्युत्पत्त्या हास्यास्पद, इतिहास कपोलकल्पित. पुढच्या काळात ही टीका सौम्य झाली, परंतु तिने पाडलेली फट बुजली नाही. ग्वामान पोमाच्या बाबतीत अभ्यासकांनी इंकापूर्व युगांचा वृत्तांत बाजूला ठेवून वसाहतकालीन अत्याचारांची साक्ष तेवढी प्रमाण मानली. फुल्यांच्या बाबतीतही असेच घडले. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणारे फुले हे शेतकऱ्याच्या दैन्याचे पहिले समर्थ भाष्यकार ठरले, आणि ‘गुलामगिरी’ लिहिणारे फुले हे भल्या हेतूने चुकीचा इतिहास लिहिणारे सुधारक ठरले. सहानुभूतीने लिहिणाऱ्यांनी या इतिहासाला ‘मिथक’ म्हटले. शब्द आदराचा आहे. पण फट तशीच राहते.

ही विभागणी संहितेला मान्य नाही. ‘असूडा’ची प्रकरणे पाच. त्यांतले तिसरे, म्हणजे अगदी मधले, प्रकरण इराणातून आलेल्या आर्यांपासून आणि शूद्र शेतकऱ्यांच्या मूळपीठिकेपासून सुरू होते आणि सरकारी नोकरांचे पगार, पेन्शने, नित्य नवे कर आणि शेतकऱ्याचे कर्ज यांवर येऊन पोहोचते. एवढा सगळा पल्ला फुल्यांनी प्रकरणाच्या एकाच लांबलचक शीर्षकात बसविला आहे. पुराणकाळ आणि पेन्शन यांना एका दमात उच्चारणाऱ्या या लेखकाला आपण दोन वेगळ्या विषयांवर लिहीत आहोत असे वाटत नव्हते. तेव्हा साक्ष आणि पूर्वपीठिका यांना वेगळे करणारी वाचनपद्धती या ग्रंथातून निघालेली नाही. ती बाहेरून आणलेली आहे.

या प्रकारच्या लेखनाला मराठीत जुने नाव आहे, आणि ते बखर नव्हे. वतनाचा तंटा गोतसभेपुढे किंवा दिवाणात गेला म्हणजे वादी-प्रतिवादी आपापला करीना लिहून देत. आमचा मूळपुरुष कोण, तो या गावी कसा आला, वतन कोणी दिले, मध्यंतरी कोणी बळकावले, आम्ही परागंदा कसे झालो, आता काय मागतो, असा त्याचा साधारण क्रम असे. जेधे घराण्याचा करीना इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे; राजवाडे आदी संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या साधनांत असे कितीतरी कागद आहेत. करीना हा भूतकाळाचा वृत्तांत खरा, पण तो हक्कासाठी सांगितलेला असतो, आणि ज्याच्यापुढे निवाडा व्हायचा त्याच्या कानांसाठी सांगितलेला असतो. मूळपुरुषाची कथा वगळली तर मागणीला पाया उरत नाही, मागणी वगळली तर कथेला प्रयोजन उरत नाही. करीना खरा की खोटा हे इतिहासकार अर्थातच तपासतो. परंतु तो कोणी, कोणापुढे आणि कशासाठी दिला हे प्रश्न त्याआधी विचारावे लागतात, हे मराठी इतिहाससंशोधनाने फार पूर्वीच शिकविलेले आहे. तीच शिस्त वाङ्मयसमीक्षेने फुल्यांच्या बाबतीत पाळली नाही, याचे आश्चर्य वाटते. मेरी लुईझ प्रॅट यांनी १९९१ साली ‘संपर्कक्षेत्र’ ही संकल्पना मांडताना ग्वामान पोमाचेच मुख्य उदाहरण घेतले आणि जेत्याच्या वर्णनपद्धती उचलून जितांनी केलेले आत्मवर्णन असे त्याच्या ग्रंथाचे स्वरूप सांगितले. हे वर्णन उपयुक्त आहे. पण त्यात ग्रंथातला वादी हरवतो. ग्वामान पोमा स्वतःचे वर्णन करीत बसलेला नाही. तो दावा दाखल करीत आहे.

त्याच्या आयुष्यात हे अक्षरशः खरे होते. वामांगा शहराजवळच्या चुपास येथील जमिनीसाठी त्याने दुसऱ्या एका जित समूहाविरुद्ध, चाचापोया वसाहतवाल्यांविरुद्ध, अनेक वर्षे कज्जा चालविला. त्यासाठी वंशावळ्या सादर केल्या, नकाशे काढले, आणि १६०० साली तो हरला. निकाल दोनशे फटक्यांचा आणि दोन वर्षांच्या हद्दपारीचा होता. त्यापूर्वी त्याने वसाहतीच्या कचेरीत आणि चर्चमध्ये दुभाष्याचे काम केले होते. क्रिस्तोबाल दे आल्बोर्नोझ या पाद्र्याने देशी देवतांच्या पुनरुत्थानाची ‘ताकी ओंकोय’ ही चळवळ मोडून काढली, त्या मोहिमेत तो सामील होता. मार्तिन दे मुरुआ या दुसऱ्या पाद्र्याच्या इतिहासासाठी त्याने चित्रे काढून दिली. पुढे स्वतःच्या ग्रंथात याच मुरुआला विणकाम करणाऱ्या देशी स्त्रीला लाथ मारताना रेखाटले. म्हणजे हा लेखक कागदाच्या दुनियेबाहेरचा भोळा साक्षीदार नव्हता. अर्ज कसा लिहावा, कोणता पुरावा कोठे चालतो, आणि कोणता माणूस कागद दडपतो हे त्याला चांगले माहीत होते.

कोर्टात हरलेला हा दावा ग्रंथात एकदम विस्तारतो. चुपासच्या शेताच्या जागी सगळा पेरू येतो आणि प्रतिवादीच्या जागी सगळे स्पॅनिश प्रशासन. करीन्याच्या रीतीप्रमाणे तो मूळपुरुषापासून आरंभ करतो. नोहाच्या वंशातून अँडीज पर्वतात आलेली पहिली माणसे, त्यानंतर आणखी तीन युगे, आणि मग इंका. पहिल्या माणसांना एकाच ईश्वराची ओळख होती, बार्थोलोम्यू हा ख्रिस्तशिष्य स्पॅनिश जहाजांच्या कितीतरी आधी त्या डोंगरांत येऊन गेला होता, असे तो सांगतो. मूर्तिपूजा ही नंतरची विकृती आणि ती इंकांनी आणली. लेखकाचे स्वतःचे घराणे इंकांहून जुने, यारोविल्का कुळाचे, हे ओघाने आलेच. इतिहास म्हणून यातले फारच थोडे टिकते. पण हे कोणाच्या उत्तरादाखल लिहिलेले आहे ते पाहिले म्हणजे त्याची रचना उलगडते. १५७२ साली व्हाइसरॉय तोलेदोने शेवटचा इंका तुपाक आमारू याचा शिरच्छेद करविला, आणि त्याच वर्षी त्याच्या आज्ञेवरून सार्मिएंतो दे गांबोआने इंकांचा इतिहास लिहून पूर्ण केला. त्या इतिहासाचे सार असे की इंका हे अलीकडचे बळकाव घेणारे जुलमी राजे होते, म्हणून त्यांच्याकडून राज्य घेण्यात स्पेनने कोणाचाही न्याय्य हक्क हिरावलेला नाही. ग्वामान पोमा हा युक्तिवाद नाकारीत नाही. इंका बळकाव घेणारे होते हे तो मान्यच करतो आणि एक पाऊल पुढे टाकतो : मग इंकांच्या आधीचे धनी कोठे गेले? ते तर अजून जिवंत आहेत आणि त्यांतलाच एक हे लिहीत आहे.

त्याचे दुसरे विधान याहून धाडसी आहे. पेरू जिंकला गेलाच नाही, असे तो म्हणतो. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्याचा बाप, ग्वामान माल्की, हा वास्कार इंकाचा वकील म्हणून तुंबेसच्या किनाऱ्यावर पिझारोला सामोरा गेला आणि त्याने शांततेने राजनिष्ठा स्वीकारली. या भेटीचे चित्रही ग्रंथात आहे. ही भेट घडली असे मानणे कठीण आहे. परंतु स्पेनचा पेरूवरचा हक्क न्याय्य युद्धाच्या सिद्धान्तावर उभा होता, आणि युद्धच झाले नसेल तर जमिनी, माणसे, खाणी लुटीचा माल म्हणून वाटून घेण्याचा अधिकार कोणाला पोहोचत नाही. लास कासासच्या परंपरेतील स्पॅनिश धर्मशास्त्र्यांकडून घेतलेले हत्यार त्याने येथे त्यांच्याच राज्यावर उगारले आहे. पुढे तो लिहितो की कास्तीयचा धनी कास्तीयचा माणूस, गिनीचा धनी गिनीचा, आणि या मुलखाचा धनी येथला. हा हक्क राजाने दिलेला नसून देवाने दिलेला आहे. स्पॅनिश लोक त्याच्या लेखी येथे आणून वसविलेले परके आहेत, इंकांच्या काळी एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात हलविलेल्या वसाहतवाल्यांसारखे.

फुल्यांची युक्ती नेमकी याच्या उलट आहे. पेरूचा लेखक विजय नाकारतो, पुण्याचा लेखक विजय सिद्ध करायला बसतो. ‘गुलामगिरी’ची सारी खटपट ही आहे की आर्य बाहेरून आले, नावांतून आले, टोळ्याटोळ्यांनी आले, लढले, कापाकापी केली आणि जिंकले. मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन, परशुराम हे अवतार फुल्यांच्या हाती स्वाऱ्यांच्या यादीतले एकेक सरदार बनतात. दशावताराचे असे लष्करी बखरीत रूपांतर करताना त्यांची विनोदबुद्धी तेज चालते, आणि तिच्यामुळे पुष्कळदा युक्तिवादाकडे वाचकाचे दुर्लक्ष होते. या दोन उलट्या वाटांचे कारण एकच आहे. प्रत्येक वादी प्रतिपक्षाची सनद पाहून आपला करीना रचतो. स्पेनची सनद विजयाची होती, म्हणून ग्वामान पोमाला विजय खोडून काढावा लागला. ब्राह्मण्याची सनद विजयाची नव्हतीच. ती उत्पत्तीची होती : ब्रह्मदेवाच्या मुखापासून जन्म, पायांपासून जन्म. जेथे सत्ता सृष्टीच्या रचनेतच घातलेली आहे तेथे तिला आरंभ नसतो, आणि आरंभ नाही म्हणून अंतही नसतो. अशा सत्तेविरुद्ध इतिहास हाच पहिला पुरावा होतो. हे सारे एका दिवशी, तलवारीने सुरू झाले, एवढे दाखविले तरी सनद खोटी ठरते. ब्रह्मदेवाच्या चार अवयवांपासून झालेल्या प्रसूतीची फुल्यांनी आरंभीच उडविलेली रेवडी असभ्य वाटणाऱ्यांनी तिचे हे न्यायालयीन कार्य लक्षात घ्यावयास हवे. ती प्रतिपक्षाच्या मूळ दस्तऐवजाची उलटतपासणी आहे. परशुरामाला हजर होण्याविषयी त्यांनी काढलेली नोटीस ही तर उघडच कचेरीच्या भाषेतील थट्टा आहे. चिरंजीव आहे म्हणतात तर समन्स बजावायला हरकत काय?

आता पुराव्याचा प्रश्न. ग्वामान पोमा म्हाताऱ्यांच्या आठवणी आणि खिपू, म्हणजे गाठी मारलेल्या रंगीत दोऱ्यांच्या नोंदी, हे आपले आधार म्हणून सांगतो. फुल्यांपाशी खिपू नव्हते. शूद्रातिशूद्रांचा लेखी दफ्तरखाना नव्हता, आणि जो होता तो प्रतिपक्षाच्या हाती होता. म्हणून त्यांनी दैवते, सण, नावे आणि बायकांच्या तोंडचे बोल यांनाच कागद मानले. ओवाळताना बळीचे राज्य यावे म्हणून स्त्रिया करीत असलेली मागणी, नऊ खंडांचा खंडोबा, महासुभ्याचा म्हसोबा, क्षेत्रापासून क्षत्रिय, या साऱ्या व्युत्पत्त्या भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत. परंतु ज्या जागी त्यांनी बोट ठेवले ती जागा रिकामी नाही. नाशिक जिल्ह्यातच पाहावे. वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर महिषासुराला मारणारी देवी आहे, पायऱ्यांच्या वाटेवर महिषाचे मस्तक पुजले जाते, आणि खाली शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला म्हसोबा राखण करीत बसलेला आहे. मारला गेलेला आणि राखणारा यांची नावे एकाच शब्दकुळातली असावीत, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. १९६२ च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी म्हसोबा आणि महिषासुर यांचा हाच संबंध क्षेत्रपाहणीच्या आधारे तपासला. त्यांची पद्धत वेगळी, निष्कर्षही फुल्यांचे नाहीत. पण ज्या दफ्तरात ते शिरले ते दफ्तर फुल्यांनी नव्वद वर्षे आधी उघडले होते.

‘असूड’ १८८३ साली लिहून झाला. त्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा, नाशिक जिल्ह्याचा, खंड जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. भूवर्णन, उत्पन्न, लोकसंख्या, शेती, सावकारी, व्यापार, इतिहास, जमीनमहसूल, न्याय, शिक्षण, आरोग्य, अशी त्याची प्रकरणे आहेत. पांडवलेण्यांच्या माहितीला भगवानलाल इंद्रजींसारख्या विद्वानाचा हात लागलेला आहे, आणि आजही हा खंड अभ्यासकांना चुकविता येत नाही. पण दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर एक फरक नजरेत भरतो. गॅझेटियरमध्ये इतिहासाचे प्रकरण वेगळे आणि सावकारीचे वेगळे. कुणब्यांची दैवते एका ठिकाणी आणि त्यांचा सारा दुसऱ्या ठिकाणी. कोणतेही प्रकरण दुसऱ्याला जाब विचारीत नाही. फुल्यांनी हीच सामग्री एका पिळात आवळली आहे. जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत दक्षिणेने लुटला जाणारा कुणबी पहिल्या प्रकरणात, त्यालाच कचेरीत नाडणारे कारकून आणि ऐषआरामात गुंग असलेले गोरे अधिकारी दुसऱ्यात, मूळपीठिका तिसऱ्यात, आणि मग चौथ्यात त्याचे घर, त्याची बैले, वाढलेल्या साऱ्याच्या चिंतेने स्वतःशीच बोलणारा तो. चौथ्या प्रकरणातील घराचे वर्णन मराठी गद्यातील वास्तवचित्रणाचा उत्तम नमुना म्हणून वेगळे काढता येते. वेगळे काढले की वर्णन उरते आणि वादी नाहीसा होतो.

शिवाय गॅझेटियरसारख्या ग्रंथाची बरीचशी माहिती जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या कचेऱ्यांतून आलेली असे, आणि या कचेऱ्यांत कोण बसते हाच तर फुल्यांच्या दुसऱ्या प्रकरणाचा विषय. येथे ग्वामान पोमाच्या एका चित्राची आठवण होते. मध्ये गुडघे टेकून हात जोडलेला गरीब देशी माणूस, आणि भोवती त्याला खायला टपलेली सहा जनावरे. कोरेहिदोर, म्हणजे जिल्ह्याचा अंमलदार, हा सर्प. धर्मशाळांत उतरणारे उनाड स्पॅनिश लोक हे वाघ. रयत वाटून घेतलेला एन्कोमेंदेरो हा सिंह. पाद्री हा कोल्हा. देशी कासीक, म्हणजे गावचा मुखिया, हा उंदीर. आणि कारकून हे मांजर. सत्तेचा मोठा हुद्दा आणि जनावराचे बळ यांचा मेळ चित्रकाराने बरोबर घातला आहे, परंतु खरी मार्मिकता शेवटच्या दोघांत आहे. उंदीर आपल्यातलाच आहे. मांजर घरात वावरते, आवाज न करता. फुल्यांचा कुळकर्णी आणि मामलेदाराच्या कचेरीतला कारकून हे याच जातीचे प्राणी. राज्य दूर असते. कागद जवळ असतो.

निवेदनाची रीतही पाहण्याजोगी आहे. ग्वामान पोमाच्या ग्रंथात एक विलक्षण प्रकरण येते, ज्यात राजा प्रश्न विचारतो आणि लेखक उत्तरे देतो. प्रजा का घटते, खाणी कशा चालवाव्यात, असे राजाचे प्रश्न आहेत. वांकाबेलिकाच्या पाऱ्याच्या खाणीत मरणाऱ्या माणसांचा हिशेब लेखकाला अशा प्रकारे राजाच्याच जिज्ञासेचे उत्तर म्हणून मांडता येतो. संवाद संपूर्ण काल्पनिक. पण ऐकून घेणारा राजा कल्पिल्यावाचून दाव्याला न्यायासन मिळत नाही. ‘गुलामगिरी’ही संवादातच आहे. तेथे प्रश्न विचारणारा धोंडिबा हा आपल्यातलाच माणूस. इंग्रज सरकार या बोलण्याच्या कडेला उभे आहे, मध्यभागी नाही. दोघांतला मोठा फरक येथे दिसू लागतो. ग्वामान पोमाचा न्यायाधीश एकच, आणि प्रतिवादी त्याचेच नोकर. फुल्यांना दोन न्यायासने आहेत. एक सरकार, ज्याला पाचव्या प्रकरणात बांधबंदिस्ती, तळी-तलाव, जनावरांची पैदास, गायरानांची परतफेड, शेतकऱ्यांच्या मुलांचे शिक्षण अशा नेमक्या सूचना दिल्या आहेत. आणि दुसरा धोंडिबा, ज्याला हा करीना प्रथम पटायला हवा, कारण वारस असल्याचे त्याला स्वतःलाच माहीत नाही.

वारस कोण, याविषयी पेरूचा लेखक संकुचित आहे, हे स्पष्ट सांगावयास हवे. त्याने वर्णिलेली इंकाकालीन समाजव्यवस्था मोठी आकर्षक आहे. वयाप्रमाणे स्त्री-पुरुषांचे दहा-दहा वर्ग, प्रत्येकाला झेपेल असे काम, आंधळ्या-पांगळ्यांनाही वाटा आणि जोडीदार, भरलेली कोठारे. आणि ग्रंथाच्या शेवटाकडे बारा महिन्यांच्या शेतीकामांची चित्रे, पेरणीची, पाखरे हाकण्याची, बटाटे काढण्याची. या चित्रांत दावेदार विसरून शेतकरी दिसू लागतो. इंका राजा आणि पहिला स्पॅनिश माणूस समोरासमोर बसलेले चित्रही असेच अविस्मरणीय आहे. तुम्ही सोने खाता काय, असे राजा विचारतो आणि पाहुणा होकार देतो. परंतु त्याचे सुराज्य हे सरदारांचे सुराज्य आहे. मिश्र संततीचा त्याला तिटकारा आहे, खालच्या कुळातल्या माणसाने स्वतःला सरदार म्हणवून घ्यावे हे त्याला जगाच्या उलथापालथीचे लक्षण वाटते, आणि जगाच्या चार भागांवर चार राजे नेमण्याची जी योजना तो फिलिपला सुचवितो तिच्यात पेरूच्या गादीसाठी त्याने स्वतःच्या मुलाचे नाव पुढे केले आहे. करीना शेवटी वतनापाशीच येऊन थांबतो. फुल्यांचा बळीराजा मूळपुरुष आहे, पण त्याची वंशावळ नाही. फुले स्वतःला त्याचा अमुकव्या पिढीचा वंशज म्हणवीत नाहीत. जो नांगर धरतो तो वारस. वतन नसलेल्यांचा करीना ही मराठी कागदपत्रांच्या दुनियेत नवी वस्तू होती. शिंदे, होळकर यांच्यासारख्या शूद्र संस्थानिकांकडेही त्यांना उदारपणे पाहता आले नाही, ते याच कारणाने. आणि येशूलाही ज्या सहजतेने ते बळीराजा म्हणतात तीत मूळपुरुषाचे नाव पदवी बनल्याचे दिसते.

याचा एक तोटा मात्र झाला, आणि तो लहान नाही. वारसांची व्याख्या इतकी रुंद केल्यावर त्यांच्यातले भेद पुसट होतात. कुणबी, माळी, महार, मांग यांच्यातल्या उतरंडीला फुले परशुरामाच्या सूडाची कथा देतात. जी उतरंड कुणबी स्वतः चालवितो तिचा हिशेब त्या कथेत पुरता मावत नाही. ग्वामान पोमाने उंदराला जनावरांच्या रांगेत बसविले तसा ‘असूडा’त गावच्या पाटलाला बसविण्यास वाव होता.

पूर्वपीठिका चुकीची ठरली तर दाव्याचे काय होते, या प्रश्नाचे उत्तर मराठी भूमीतच मिळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘हू वेअर द शूद्राज?’ हा ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध केला, फुल्यांच्या स्मृतीला अर्पण केला, आणि त्याच ग्रंथात आर्य नावाच्या वंशाने बाहेरून येऊन दासांना जिंकल्याचा सिद्धान्त वैदिक संहितांच्या आधारे खोडून काढला. शूद्र हे मूळचे क्षत्रिय, ब्राह्मणांशी झालेल्या संघर्षात उपनयनाला मुकलेले, अशी वेगळी पीठिका त्यांनी मांडली. अर्पणपत्रिका आणि प्रतिपादन यांत विरोध आहे असे ज्यांना वाटते त्यांना करीन्याची रीत ठाऊक नाही. वादी तोच, मागणी तीच. पुरावा बदलला, कारण न्यायासन बदलले होते. आंबेडकरांनीही उत्पत्तीच्या जागी इतिहासच ठेवला, हे येथे महत्त्वाचे. २०१९ साली प्राचीन जनुकांवरील संशोधन प्रसिद्ध झाले, आणि इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकात गवताळ प्रदेशातून पशुपालक गट उपखंडात आल्याचे दिसू लागले, तेव्हा फुले खरे ठरले म्हणणारे आणि त्या संशोधनालाच खोटे म्हणणारे असे दोन्ही पक्ष वर्तमानपत्रांतून भांडले. स्थलांतर म्हणजे विजय नव्हे, आणि जनुकांतून वर्णाची सनद निघत नाही. फुल्यांच्या दाव्याला त्या निकालाची गरज नव्हती आणि त्यापासून भयही नव्हते.

कागदांच्या नशिबाविषयी थोडे. ‘असूडा’ची पहिली दोन प्रकरणे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’ने छापली आणि पुढची छापण्याचे टाळले, फुल्यांनी त्याबद्दल आपल्याच सहकाऱ्याला ग्रंथात खडसावून ठेवले आहे. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी तो वाचून घेतला. संपूर्ण ग्रंथ फुल्यांच्या हयातीत छापला गेला नाही. ग्वामान पोमाने आपल्या हस्तलिखितात दोनदा स्वतःला लक्षात राहील असे रेखाटले आहे. एकदा स्पॅनिश सरदाराच्या पोशाखात, राजापुढे गुडघे टेकून ग्रंथ सादर करताना. हा प्रसंग कधीच घडला नाही. दुसऱ्यांदा म्हातारा, मुलाला आणि कुत्र्यांना बरोबर घेऊन पावसापाण्यातून लिमाची वाट चालताना. १८८८ साली पुण्यात व्हिक्टोरिया राणीचा मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट, याच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले, दारावर अडविले गेले, आणि आत गेल्यावर दागदागिन्यांनी मढलेल्या त्या मंडळींकडे बोट दाखवून त्यांनी राजपुत्राला सांगितले की राणीची प्रजा ही नव्हे, ती खेड्यांत आहे, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. पेरूच्या लेखकाला राजापुढे उभे राहण्यासाठी चित्रात का होईना जेत्याचा पोशाख चढवावा लागला होता.